मालमोटारीची नवी बॅटरी निवडताना



या व्यासपीठावरून कोणी बॅटरीवर बोलावे, हे आपणांपैकी पुष्कळांना चमत्कारिक वाटेल. आम्ही पदवीधर नव्हे. सतराव्या वर्षी मालमोटारीवर किन्नर म्हणून चढलो, पुढे चालक झालो आणि त्यानंतर चालक-किन्नरांच्या युनियनचे काम करू लागलो. जे काही थोडेबहुत विज्ञान आम्हांस कळते, ते गॅरेजच्या ओट्यावर वायरमनची बोलणी खात आणि रात्री पुस्तके चाळून मिळविलेले आहे. परंतु ज्या गावच्या सळया आणि मोसंबी रोज मालमोटारींत बसून बाहेर जातात, त्या गावाने गाडीच्या बॅटरीची चौकशी करणे अगदीच अस्थानी होणार नाही.

प्रथम एक हकिगत सांगतो. काही वर्षांपूर्वी युनियनकडे एका चालकाची तक्रार आली. सळया भरून गाडी जालन्याहून निघाली, बदनापूरच्या पुढे चहाला थांबली आणि निघताना सेल्फ मारला तर नुसती टक् टक्. भरलेली मालमोटार काही धक्का मारून चालू होत नाही. दुसऱ्या गाडीला वायर जोडून ती कशीबशी चालू केली व यार्डात परत आणली. मालकाचे म्हणणे असे, की दोन महिन्यांपूर्वीच नवी बॅटरी घातली होती. ती उतरली याचा अर्थ चालकाने रात्री दिवे चालू ठेवले. तेव्हा बॅटरीचे पैसे पगारातून कापायचे. नुकसानीपोटी पगार कापण्यापूर्वी कामगाराचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे, हे १९३६ च्या वेतन अदायगी कायद्यातच होते. पण ऐकून घेतले तरी चालकाने सांगावे काय? 'दिवे बंद होते' याला साक्षीदार कोण? अशा वेळी आवाज चढवून काम होत नाही, हे आम्ही बरीच वर्षे आवाज चढवून मगच शिकलो. आम्ही एका वायरमनकडून हायड्रोमीटर मागून आणला.

हायड्रोमीटर काय सांगतो हे कळण्यासाठी बॅटरीच्या पोटात डोकावले पाहिजे. १८५९ साली गास्तों प्लाँते नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने शिशाच्या पत्र्यांची पहिली अशी बॅटरी केली. आजच्या गाडीतील बॅटरी तिचीच वंशज होय. एका बाजूला शिशाच्या ऑक्साइडची प्लेट, दुसरीकडे सच्छिद्र शिशाची प्लेट आणि दोहोंमध्ये पाणी घातलेले गंधकाम्ल, ज्याला आपल्याकडे तेजाब म्हणतात. अशा एका घरात दोन व्होल्टांहून किंचित जास्त दाब निर्माण होतो. सहा घरे एकापुढे एक जोडली, की १२ व्होल्टांची बॅटरी झाली. वीज खर्च होऊ लागली म्हणजे दोन्ही प्लेटांवर शिशाचे सल्फेट बसते आणि तेजाबातले आम्ल कमी होऊन ते पाणचट होते. चार्जिंग केले, की हीच क्रिया उलटी फिरते. म्हणून तेजाबाचा दाटपणा मोजला, की बॅटरीत किती माल शिल्लक आहे ते समजते. भरलेल्या घरात काटा १२५० च्या आसपास किंवा थोडा वर असतो. ११५० च्या खाली गेला तर ते घर रिकामे समजावे.

आता त्या गाडीकडे वळू. मालमोटारीला २४ व्होल्ट लागतात, म्हणून १२ व्होल्टांच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या असतात. मालकाने त्यांतील एकच बदलली होती. नव्या बॅटरीची सहाही घरे १२४० च्या आसपास निघाली. जुन्या बॅटरीची पाच घरे १२२० आणि सहावे ११००. दिवे चालू राहिले असते तर ते २४ व्होल्टांवर, म्हणजे दोन्ही बॅटऱ्यांवर जळले असते आणि बाराही घरे जवळजवळ सारखीच उतरली असती. एकच घर बसलेले होते आणि तेही जुन्या बॅटरीचे. कागदावर बारा आकडे मांडून आम्ही तो कागद मालकापुढे ठेवला. कापणी रद्द झाली. मालक मनाने वाईट नव्हता. त्याने निम्मा खर्च वाचविण्याचा प्रयत्न केला होता, इतकेच.

ही काटकसर किती महाग पडते ते पाहा. दोन्ही बॅटऱ्यांतून प्रवाह एकच वाहतो, परंतु चार्जिंगचे २८ व्होल्ट नव्या-जुन्यांत सारखे वाटले जात नाहीत. एकीच्या वाट्याला जास्त येतात, तिचे पाणी उडते व प्लेटा झिजतात. दुसरी उपाशी राहते आणि तिच्या प्लेटांवर सल्फेटचा कठीण थर धरतो. म्हणून जोडी बदलायची ती दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या आणि शक्यतो एकाच महिन्यात बनलेल्या बॅटऱ्यांची. असाच घोटाळा आमचे चालक बंधू स्वतःही करतात, हेही सांगितले पाहिजे. टेप, पंखा, मोबाइलचा चार्जर हे १२ व्होल्टांचे म्हणून दोहोंपैकी एकाच बॅटरीवरून वायर ओढतात. मग ती एकटीच रोज उतरते आणि जोडीचा तोल जातो. अशा कामासाठी २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर मिळतो, तोच बसवावा.

बॅटरी घ्यायला जाण्यापूर्वी जुनी खरोखर मेली आहे काय, हे पाहावे. निम्म्या वेळा दोष दुसरीकडेच असतो, असा आमचा अनुभव आहे. टर्मिनलवर पांढरा-हिरवा क्षार चढलेला असतो, बॉडीला जाणारी अर्थची पट्टी सैल असते किंवा डायनमोचा पट्टा घसरत असतो. दहा मिनिटे दिवे-इंजिन बंद ठेवलेल्या गाडीवर घाईने मापन करू नये. काही तास विसावलेल्या बॅटरीवर करावे. १२.६ व्होल्ट वा अधिक म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे रिकामी. इंजिन चालू असताना हाच आकडा १३.८ ते १४.४ च्या दरम्यान हवा. मालमोटारीत त्याच्या दुप्पट. तो चढत नसेल तर दोष डायनमोचा आहे आणि नवी बॅटरीही आठवड्यात उतरेल.

माप निवडताना गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात जे अँपिअर-अवर लिहिले असतील ते प्रमाण मानावे. जागेत बसत असेल तर थोडी मोठी घेतल्याने डायनमो जळत नाही. ती समजूत खोटी आहे. मात्र गावातल्या गावात पाच-पाच मैल फिरणाऱ्या गाडीत मोठी बॅटरी कधी पुरी भरतच नाही. मोठ्या जीप-मोटारींच्या बॅटरीवर ९५डी३१एल असला जो मजकूर असतो, त्यातील ३१ ही सेंटिमीटरांत अंदाजे लांबी असून शेवटचे एल किंवा आर हे अक्षर टर्मिनल कोणत्या बाजूस आहे ते सांगते. अक्षर चुकले तर वायर पोहोचत नाही. मग दुकानदाराचा पोरगा ती ताणून बसवतो आणि ताणलेली वायर कुठेतरी घासून एक दिवस ठिणगी पाडते. सिग्नलला आपोआप बंद होऊन पुन्हा चालू होणारी गाडी असेल तर तिला ईएफबी किंवा एजीएम जातीचीच बॅटरी लागते. तिच्या जागी साधी बसविली तर स्वस्त पडल्याचा आनंद फार दिवस टिकत नाही.

लेबलावर सीसीए म्हणून आणखी एक आकडा असतो. उणे १८ अंश थंडीत बॅटरी तीस सेकंद किती प्रवाह देऊ शकते, ते हा आकडा सांगतो. जालन्यात उणे १८ अंश! डिझेल इंजिन फिरवायला जोर लागतो, म्हणून दोन बॅटऱ्यांची तुलना करताना हा आकडा उपयोगी आहे. पण आपल्या बॅटरीचा शत्रू थंडी नव्हे, वैशाख आहे. सर्वसाधारण हिशेब असा, की उष्णता दहा अंशांनी वाढली तर आतील झीज दुपटीच्या आसपास जाते. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो आणि बॉनेटखाली त्याहूनही अधिक. म्हणून थंड मुलखातील बॅटरी जितकी वर्षे टिकते, तितकी आपल्याकडे टिकत नाही. आणि ती उन्हाळ्यात आतून झिजून पुढे हिवाळ्यातल्या पहिल्या गार पहाटे दगा देते. दोष मात्र त्या पहाटेच्या चालकावर येतो.

याच कारणाने दुकानात पहिला प्रश्न किमतीचा नको, तारखेचा हवा. बॅटरी फळीवर नुसती पडून राहिली तरी आपोआप उतरत असते. बनविल्याचा महिना व वर्ष पेटीवर सांकेतिक अक्षरांत ठोकलेले असते. दुकानदाराकडून ते वाचून घ्यावे आणि सहा महिन्यांहून जुनी असेल तर दुसरी मागावी. मीटर लावायला सांगावे. १२.४ च्या खाली असेल तर 'चार्ज करून देतो' या आश्वासनावर ती घेऊ नये.

वॉरंटीचे कार्ड वाचणे हे आणखी एक कंटाळवाणे पण पैशाचे काम. त्यात बहुधा दोन भाग असतात. पहिल्या मुदतीत बॅटरी बिघडली तर फुकट बदलून मिळते. दुसऱ्या मुदतीत फक्त किमतीत काही टक्के सूट मिळते. ही सूट छापील किमतीवर धरली जाते आणि बाजारात तर बॅटरी छापील किमतीहून कमीतच मिळते. तेव्हा प्रत्यक्ष लाभ दिसतो त्याहून थोडा. भाड्याने चालणाऱ्या गाडीस मुदत कमी असू शकते, हेही पाहावे. कार्डावर शिक्का, तारीख आणि पेटीवरचा क्रमांक नसेल तर ते कार्ड रद्दीत गेले असे समजावे.

एवढी खटपट कशासाठी, असे कोणी विचारील. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी हा पहिला टप्पा खुला झाला, तेव्हापासून आपल्या जिल्ह्यातून रात्रभर गाड्या धावतात. जुन्या रस्त्यावर गाडी बंद पडली तर ढाबा होता, गॅरेज होते, ओळखीचा कोणी तरी होता. नव्या रस्त्यावर कठड्याच्या आत रात्री दोन वाजता दिवे मावळलेली मालमोटार उभी राहिली, तर मागून भरधाव येणाऱ्यास ती दिसत नाही. त्या वेळी बॅटरीत हजार-दोन हजार वाचविणारा मालक घरी झोपलेला असतो.

पाण्याविषयी थोडे. झाकणे असलेल्या बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना टँकरवर जगले. त्या उन्हाळ्यात टँकरच्याच बोअरच्या पाण्याने बॅटऱ्या भरणारे चालक आम्ही पाहिले. त्या पाण्यातील क्षारांनी प्लेटा खाल्ल्या. तेजाबही वरून ओतू नये. उडते ते पाणी, आम्ल नव्हे. आणि पाणी किती आहे ते पाहण्यासाठी काडी कधीही ओढू नये. चार्जिंग होताना हायड्रोजन वायू निघतो, तो पेट घेतो आणि तेजाब थेट तोंडावर येते. हे काम नेहमी किन्नराच्या पोराकडे असते. बॅटरी काढताना उणे टर्मिनल आधी सोडावे, बसविताना शेवटी लावावे, म्हणजे पान्हा बॉडीला लागून ठिणगी पडत नाही.

राहिली जुनी बॅटरी. तिच्या वजनात निम्म्याहून अधिक शिसे असते, म्हणूनच दुकानदार तिचे पैसे वजा करून देतो. भंगारवाला कधी थोडे जास्त देतो. भंगार वितळवून सळई काढणारे आपले शहर. त्यामुळे सगळेच धातू सारखे, अशी आपली समजूत होते. परंतु शिशाचा धूर रक्तात जातो व साठून राहतो. १९४८ च्या कारखाना कायद्यातील व्यवसायजन्य रोगांच्या यादीत पहिलेच नाव शिशाच्या विषबाधेचे होते, ते उगीच नव्हे. युनिसेफ व प्युअर अर्थ या संस्थांनी २०२० साली सांगितले, की जगातील सुमारे ८० कोटी मुलांच्या, म्हणजे तिघांपैकी एकाच्या, रक्तात शिसे धोक्याच्या प्रमाणात आहे. आणि उघड्यावर भट्टी लावून बॅटऱ्या वितळविणे हे त्याचे एक मोठे कारण होय. आपल्याकडे २००१ च्या आणि नंतर २०२२ च्या नियमांनी जुनी बॅटरी परत घेऊन नोंदणीकृत कारखान्याकडे पोहोचविण्याची जबाबदारी ठरवून दिली आहे. तेव्हा जुनी बॅटरी ज्या दुकानातून नवी घेतली तिथेच, तेजाब न ओतता, उभीच न्यावी आणि तिचे वजन व वजा केलेली रक्कम पावतीवर लिहून घ्यावी. त्या चालकाच्या मालकाने दुसरी बॅटरी घेतली तेव्हा पावती आणायला त्याच चालकाला पाठविले होते. ती आजही आमच्या फायलीत त्या बारा आकड्यांच्या कागदाला टाचून ठेवली आहे.