कर्ज मंजूर झाले. सल्ला कोण देणार?

१९१७ साली बडोद्याच्या नोकरीतील अपमानांना कंटाळून डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईला परतले. पोटापाण्यासाठी त्यांनी तेव्हा जे उद्योग करून पाहिले, त्यात शेअर्सच्या व्यवहारासंबंधी सल्ला देणारी एक पेढीही होती. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेला माणूस सल्ला द्यायला बसला होता. सुरुवातीला गिऱ्हाईके आली. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच ती फिरकेनाशी झाली आणि पेढी बंद करावी लागली. बाजाराला जात नसते, बाजार फक्त पैसा ओळखतो, असे आपल्या तरुणांना सांगत फिरणाऱ्यांनी हा इतिहास आधी वाचावा.

धंदा हा विषय चळवळीबाहेरचा आहे असे मानणारे कार्यकर्ते आजही आहेत. त्यांना आम्ही दोन गोष्टींची आठवण देऊ इच्छितो. १९२४ साली स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेच्या उद्दिष्टांत वसतिगृहे व वाचनालये यांच्याबरोबर औद्योगिक आणि शेतकी शाळा काढून समाजाची आर्थिक स्थिती सुधारणे हेही होते. १९४२ साली व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात बाबासाहेबांनी सरकारी कामांच्या ठेक्यांमध्ये आपल्या लोकांना वाटा मागितला. केंद्र सरकारच्या खरेदीत अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योगांसाठी ४ टक्के हिस्सा ठरला, तो २०१२ साली! मागणी आणि आदेश यांच्यात सत्तर वर्षे गेली. आदेश निघाल्यावरही केंद्रीय उपक्रमांची प्रत्यक्ष खरेदी वर्षानुवर्षे त्या ४ टक्क्यांच्या खूप खाली राहिली.

तथागतांच्या धम्मातही व्यापाराला मज्जाव नाही. अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविका आहे. दीघनिकायातील कूटदन्त सुत्तात राज्यातील चोऱ्यामाऱ्या थांबवायच्या तर शेतकऱ्याला बियाणे आणि व्यापाऱ्याला भांडवल द्या, असा सल्ला राजाला दिला जातो. सिगालोवाद सुत्तात गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहेत: एक भाग उपभोगासाठी, दोन भाग धंद्यात, एक भाग अडचणीच्या दिवसांसाठी. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा सल्ला आपल्या किती दुकानदारांना ठाऊक आहे?

आता सरकारी योजनांकडे वळू. योजनांचा दुष्काळ नाही. महात्मा फुले मागासवर्गीय विकास महामंडळ १९७८ पासून आहे. प्रशिक्षणासाठी महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र १९८८ साली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, सुरू झाले. २००८ साली पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम आला. एप्रिल २०१६ मध्ये स्टँड अप इंडिया योजना आली. प्रत्येक बँक शाखेने किमान एका अनुसूचित जाती वा जमातीच्या व्यक्तीला आणि एका महिलेला नव्या उद्योगासाठी १० लाख ते १ कोटीपर्यंत कर्ज द्यावे, असे तिचे स्वरूप होते. सव्वा लाख शाखा आणि अडीच लाख लाभार्थी असे गणित तेव्हा मांडले गेले. नोव्हेंबर २०२४ पर्यंत काय झाले? सरकारच्याच आकड्यांनुसार अनुसूचित जातींची सुमारे ४६ हजार आणि जमातींची सुमारे १५ हजार खाती! याचा अर्थ साडेआठ वर्षांत शाखेमागे एक कर्ज हे साधे उद्दिष्ट निम्म्यापर्यंतही गेले नाही. मार्च २०२५ मध्ये त्या योजनेची मुदत संपली. त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या पाच लाख नवउद्योजकांना पाच वर्षांत २ कोटींपर्यंत कर्ज देण्याची नवी घोषणा झाली. सोबत ऑनलाइन प्रशिक्षणाचेही आश्वासन दिले गेले.

बँकांची मनोवृत्ती याला जबाबदार आहेच. पण तेवढ्यावर थांबणे सोपे आहे. ज्यांना कर्ज मिळाले, त्यांचे पुढे काय झाले, हेही आपण विचारले पाहिजे. प्रशिक्षण, भांडवल आणि सल्ला या तीन पायांवर छोटा धंदा उभा राहतो. प्रशिक्षण काही दिवसांत संपते. प्रमाणपत्राशिवाय अनुदान नाही, म्हणून पुष्कळ जण ते उरकतात. भांडवल एकदा हाती पडते. सल्ला मात्र रोज लागतो. प्रस्थापित व्यापारी जातींतील मुलाला तो घरातच मिळतो. बाप, काका, मामा दुकानात बसलेले असतात. उधारी कोणाला द्यायची, माल कधी उचलायचा, हिशेब कसा ठेवायचा, हे तो जेवता जेवता शिकतो. आपल्या मुलाचा बाप गिरणीत होता किंवा झेडपीत शिपाई होता. त्याने कोणाला विचारावे? तो दलालाला विचारतो. दलाल दुसऱ्याच्या प्रकल्प अहवालावर याचे नाव घालतो आणि अनुदानातला आपला वाटा आधीच ठरवून घेतो.

वकिलीच्या धंद्यात आम्ही हे जवळून पाहतो. कर्जाच्या कागदांवर सही करण्यापूर्वी आमच्याकडे कोणी येत नाही. येतात ते समन्स आल्यावर. तोवर कोरे चेक देऊन झालेले असतात, मेहुणा जामीनदार झालेला असतो आणि आईचे डोरले गहाण पडलेले असते. बहुतेकांची कथा एकच: मशिनसाठी कर्ज मिळाले, पण कच्चा माल, वीजबिल आणि मजुरी यांसाठी लागणाऱ्या खेळत्या भांडवलाचा विचार अहवालात नव्हता. मशिन उभे राहिले, धंदा चालला नाही आणि हप्ते मात्र सुरू झाले.

म्हणून काही गोष्टी प्रत्येक कार्यकर्त्याने तोंडपाठ कराव्यात, असे आम्हाला वाटते.

पहिली गोष्ट अनुदानाची. रोजगार निर्मिती कार्यक्रमाचे अनुदान रोख हातात पडत नाही. ते तीन वर्षे बँकेत राखून ठेवले जाते आणि धंदा चालू आढळला तरच कर्जात वळते होते. अनुदान हा नफा समजून जो पोरगा लग्नात खर्च करतो, तो पहिल्याच वर्षी बुडतो.

दुसरी गोष्ट नकाराची. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीचा कर्जाचा अर्ज शाखेच्या पातळीवर फेटाळू नये, तो निर्णय वरच्या पातळीवर व्हावा आणि कारण स्पष्ट नोंदवावे, असे रिझर्व्ह बँकेच्या सूचना सांगतात. सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या १० लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागू नये, हेही रिझर्व्ह बँकेने २०१० सालीच बजावले. काउंटरवर तोंडी नकार ऐकून घरी परतणे म्हणजे हक्क सोडून देणे होय. अर्जाची पोच घ्या, नकार लेखी मागा.

तिसरी गोष्ट अडकलेल्या पैशांची. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाकडून माल वा सेवा घेणाऱ्याने जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे चुकते केले पाहिजेत. न केल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते आणि फॅसिलिटेशन कौन्सिलकडे दाद मागता येते. त्यासाठी उद्यम नोंदणी वेळेवर हवी. ती मोफत आहे, तिच्यासाठी एजंटला हजार-दोन हजार मोजण्याची गरज नाही.

चौथी गोष्ट संकटाची. ९० दिवस हप्ता थकला की खाते बुडीत धरले जाते. त्याआधीच बँकेकडे लेखी अर्ज करून खाते सावरण्यासाठी समितीपुढे नेण्याची मागणी करता येते. केंद्राने २०१५ साली तशी अधिसूचना काढली आहे. ती बँकांवर बंधनकारक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १ ऑगस्ट २०२४ रोजी स्पष्ट केले, पण उद्योजकानेही वेळीच जागे राहून मागणी केली पाहिजे, असेही सांगितले. चेक न वटल्याची नोटीस मिळाली तर १५ दिवसांत रक्कम भरल्यास खटला टळतो. नोटीस न घेता परत पाठवणे हा उपाय नव्हे.

हे सारे कायदे कागदावर आहेत. कागद आणि माणूस यांच्यामध्ये उभा राहणारा कोणी नाही, हीच आपली अडचण आहे. २००५ साली पुण्यात दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री स्थापन झाली, त्यातून काही उद्योजक पुढे आले याचा आनंद आहे. पण वस्तीतला वडापावची गाडी लावणारा, झेरॉक्सचे दुकान टाकणारी भगिनी, वेल्डिंगचे काम करणारा तरुण चेंबरच्या दारापर्यंत पोहोचत नाही. तो बुद्ध विहारात मात्र येतो.

कोणी म्हणेल, राज्य समाजवाद मांडणाऱ्या बाबासाहेबांच्या अनुयायांनी भांडवलदार व्हायचे का? वडापावची गाडी टाकणारा भांडवलदार होत नाही. तो सावकाराच्या दारात जाण्यापासून वाचतो एवढेच. सरकारी नोकऱ्या कंत्राटी होत असताना आरक्षणासाठीचा लढा तर लढायचाच आहे. पण लढा चालू असताना घरातली चूल पेटती राहिली पाहिजे. उपाशी माणसाला मोर्चातून फोडणे सोपे असते, हे प्रस्थापितांना चांगले कळते.

आपल्यात आज निवृत्त बँक अधिकारी आहेत, चार्टर्ड अकाउंटंट आहेत, विक्रीकर खात्यातून निवृत्त झालेले आहेत, वकील तर गल्लोगल्ली आहेत. हे सारे आरक्षणामुळे, म्हणजे बाबासाहेबांमुळे तेथवर पोहोचले. बाबासाहेबांनी धम्मकार्यासाठी उत्पन्नाचा विसावा हिस्सा मागितला होता. पैशाचा हिस्सा देणारे थोडे तरी आहेत. आता वेळेचा विसावा हिस्सा द्या. रविवारच्या वंदनेनंतर विहारात दोन तास एक टेबल मांडा. एक बँकवाला, एक हिशेबनीस, एक वकील आणि धंद्यात मुरलेला एक माणूस बसवा. सही करण्याआधी कागद तेथे वाचून घेतला जावा, दर महिन्याला वही तेथे तपासली जावी, आणि हप्ता थकण्याची चाहूल लागताच तरुणाने लाजेने तोंड न लपवता तेथे यावे. याला सरकारी मंजुरी लागत नाही, निधीही लागत नाही.

परीक्षेची पुस्तके आणि मार्गदर्शन वर्ग आपण वस्त्यावस्त्यांत उभे केले, त्यातून अधिकारी घडले. येत्या वर्षावासात निदान एका विहाराने हे टेबल मांडावे. आमच्या विहारातली वकिलाची खुर्ची आम्ही भरू.

जयभीम!