आजच्या पायाचा बूट

जून जवळ आला, की बुटांच्या दुकानांत एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘वाढतं पाऊल आहे, एक नंबर मोठाच द्या.’ मग बुटाच्या टोकात कापसाचा बोळा बसतो आणि एक जोड दोन वर्षे निभावतो. साताऱ्याहून लेकीकडे न्यू जर्सीला गेलेल्या एका आजींनी हाच हिशेब तिथल्या नृत्याच्या बुटांच्या दुकानात मांडला. आठ वर्षांच्या नातीला टॅप डान्सच्या वर्गात घातले होते आणि तिचे पहिले बूट घ्यायचे होते. नातीला चकचकीत, उंच टाचेचे बूट हवे होते. तिच्या आईला स्वस्तातले हवे होते. आजींना हवे होते एक नंबर मोठे. दुकानातल्या बाईंनी मोठ्या नंबरचा जोड मुलीच्या पायात घातला आणि तिला चवड्यांवर उभे राहायला सांगितले. मुलगी उभी राहिली. टाचा मात्र बुटातून बाहेर आल्या. तिघींच्या तीन मागण्यांत पायाची मागणी कोणीच विचारली नव्हती.

टॅप डान्समध्ये बूट हा पोशाखाचा भाग नसतो, ते वाद्य असते. आपल्याकडे पूर्वी बुटांच्या तळाला नाल ठोकत, ती तळ झिजू नये म्हणून. टॅपच्या बुटाला चवड्याखाली एक आणि टाचेखाली एक अशा धातूच्या, बहुतेक वेळा ॲल्युमिनियमच्या, पट्ट्या असतात आणि त्या वाजण्यासाठीच असतात. हा नाच अमेरिकेत आफ्रिकी गुलामांच्या आणि आयरिश-इंग्लिश स्थलांतरितांच्या पदन्यासांच्या मिश्रणातून घडला. साउथ कॅरोलायनात १७३९ मध्ये गुलामांचा उठाव झाला आणि १७४० च्या कायद्याने त्यांच्या ढोलांवर बंदी आली. टॅपचा इतिहास सांगताना या बंदीचा उल्लेख हटकून होतो : हातातला ताल काढून घेतला, तेव्हा तो पायांत उतरला. पुढे लाकडी तळाचे बूट आले, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत धातूच्या पट्ट्या रूढ झाल्या.

कथकमध्येही पायच ताल बोलतात, पण तो नाच अनवाणी असतो. तत्कारात सबंध तळवा जमिनीवर पडतो आणि साथ घुंगरांची असते. टॅपमध्ये घोटा सैल ठेवून चवडा पुढे-मागे झाडावा लागतो, मग टाच स्वतंत्रपणे टेकवावी लागते. चवड्याचा आवाज वेगळा, टाचेचा वेगळा. हे काम काही मिलिमीटरच्या हालचालींवर चालते. म्हणूनच बूट पायाबरोबर हलला नाही, तर सगळेच बिघडते.

एक नंबर म्हणजे किती?

एक नंबर म्हणजे एक तृतीयांश इंच, सुमारे साडेआठ मिलिमीटर. शाळेच्या बुटात एवढी मोकळीक पाय सांभाळून घेतो. टॅपच्या बुटात मात्र धातूची पट्टी जड असते आणि पाय झाडला की बूट आपल्याच वेगाने पुढे जातो. तो निसटू नये म्हणून मूल नकळत पायाची बोटे आत आवळून धरते. बोटे आवळली, की घोटा ताठरतो. घोटा ताठरला, की नडगीच्या पुढचे आणि पोटरीचे स्नायू लवकर थकतात. आवाज अस्पष्ट येतो, शिक्षिका ‘घोटा सैल सोड’ म्हणत राहतात आणि मुलाला वाटते, आपल्याला हे जमतच नाही. दोष बुटाचा असतो, खापर मुलावर फुटते.

मोठ्या बुटात टाच घासून फोड येतात. शिवाय पाय पुढे सरकून अंगठा टोकावर आदळतो आणि नखाखाली रक्त साकळून ते काळे पडते. घट्ट बुटाचे दुखणे वेगळे : नखाची कड मांसात घुसणे, बोटांवर कुरूप होणे, चवड्यात मुंग्या येणे. ‘चामडं आहे, घालून घालून सैल होईल’ हे अर्धेच खरे आहे. चामडे रुंदीला थोडे सैलावते. लांबीला वाढत नाही.

आठ ते चौदा या वयात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. टाचेच्या हाडाच्या मागच्या बाजूला तेव्हा कूर्चेची वाढ-पट्टी असते आणि पोटरीच्या स्नायूंची जाड शीर नेमकी तिथेच ओढ देते. कठीण जमिनीवर टाचा पुन्हा पुन्हा आपटल्या, की ही जागा दुखू लागते. या दुखण्याला ‘सेव्हर्स डिसीज’ म्हणतात. टाच दोन्ही बाजूंनी दाबली की मूल कळवळते, सरावानंतर लंगडते किंवा चवड्यांवर चालते. विश्रांती, पोटरीचे ताण देण्याचे व्यायाम आणि योग्य बूट यांनी ते बरे होते आणि सहसा कायमचे नुकसान होत नाही. पण ‘नाचायचा कंटाळा करते’ म्हणून त्याकडे दुर्लक्ष करू नये. आठवडाभर आराम देऊनही दुखणे राहिले, सूज आली, ताप आला किंवा रात्री झोपेतून उठवण्याइतके दुखू लागले, तर डॉक्टरांना दाखवावे.

माप कसे घ्यावे

पाय दिवसभरात थोडे सुजतात, म्हणून बूट दुपारनंतर घ्यावेत. वर्गात जे मोजे घालायचे, तेच घालून माप द्यावे. माप उभे राहून घ्यावे, कारण अंगाचा भार आला की पाऊल लांबते आणि पसरते. दोन्ही पाय मोजावेत. बहुतेकांचा एक पाय किंचित मोठा असतो आणि बूट त्या पायाच्या मापाचे घ्यायचे असतात.

अमेरिकेतल्या दुकानांत पाऊल मोजायचे धातूचे एक उपकरण असते. सिराक्यूझच्या चार्ल्स ब्रॅनॉकने ते १९२० च्या दशकात तयार केले. ते लांबी आणि रुंदी मोजतेच, शिवाय टाचेपासून चवड्याच्या सांध्यापर्यंतचे अंतरही मोजते. टॅपसाठी हे तिसरे माप मोलाचे असते. बूट जिथे वाकतो आणि पाय जिथे वाकतो, त्या जागा एकच असायला हव्यात. तसे असेल तरच पुढची पट्टी नेमकी चवड्याखाली येते. दोन मुलांच्या पावलांची लांबी सारखी असूनही एकाची बोटे लांब आणि दुसऱ्याची आखूड असू शकतात. त्यांना एकच बूट बसेल असे नाही.

मुंबई-पुण्यातल्या काही नृत्यवर्गांतही टॅप शिकवतात. इथे बूट बहुधा ऑनलाइन मागवावे लागतात. अशा वेळी जाड कागदावर उभे राहून पावलाची बाह्यरेषा काढावी, सेंटिमीटरमध्ये लांबी-रुंदी मोजावी आणि त्या कंपनीच्या तक्त्याशी ताडून पाहावी. रोजच्या चपलेचा नंबर सांगून मागवलेला जोड परत पाठवण्याची वेळ बऱ्याचदा येते, कारण प्रत्येक कंपनीचा नंबर वेगळा असतो.

बूट पायात घातल्यावर चार गोष्टी पाहाव्यात. बोटे सरळ पसरलेली असावीत आणि टोकाला दाबली जाऊ नयेत. चवड्यांवर उभे राहिल्यावर टाच निसटू नये. गुडघे वाकवल्यावर घोट्याच्या मागे बुटाची कड रुतू नये. आणि दहा मिनिटे घालून चालल्यावर पायावर लाल वण दिसू नयेत. वाढत्या मुलासाठी अर्ध्या नंबरापर्यंतची सवलत ठीक आहे, त्यापुढे नाही.

लेस, टाच आणि पट्ट्या

पहिल्या जोडासाठी लेसचे, बसक्या टाचेचे बूट सर्वांत सोयीचे. लेसमुळे पायाची वरची बाजू घट्ट धरली जाते आणि पाय पुढे घसरत नाही. लहान मुलींचे पट्ट्याचे बूटही चालतात, मात्र पट्टा पक्का बसायला हवा. टाच एक इंचाच्या आसपास पुरे. टाच जितकी उंच, तितका भार चवड्यावर आणि अंगठ्याच्या सांध्यावर जातो आणि घोटा मुरगळण्याची शक्यता वाढते. उंच टाचेचे बूट पावले पक्की झाल्यावरचे, आणि तेही मोठ्यांसाठी.

चामडे महाग असते, पण ते पायाच्या आकाराला जुळते आणि घाम टिपते. कृत्रिम चामड्याचे बूट स्वस्त असतात. आठवड्यातून एकदा वर्ग असेल आणि वर्षभरात पाय वाढणारच असेल, तर ते घेण्यात काही गैर नाही. बचत करायचीच, तर ती इथे करावी. मापात करू नये. वापरलेले बूटही चालतात, फक्त आत आधीच्या पायाचा खोल ठसा नसावा, टाचेची बाजू पिचकलेली नसावी आणि पट्ट्यांच्या कडा धारदार झालेल्या नसाव्यात.

पट्ट्या स्क्रूने बसवलेल्या असतील, तर उत्तम. स्क्रू किंचित सैल-घट्ट करून आवाज बदलता येतो. पण सैल झालेला स्क्रू जमीन ओरबाडतो आणि पायही अडकवतो. दर वर्गाआधी स्क्रू तपासावेत. साध्या रबरी तळाच्या बुटाला पट्ट्या ठोकून घेण्याचा मोह टाळावा. रबरात स्क्रू पक्का धरत नाही आणि रबर आवाज गिळून टाकते.

जमीन विसरू नका

चांगला बूट घेऊन तो फरशीवर वाजवला, तर निम्मा फायदा वाया जातो. सिमेंट आणि फरशी धक्का शोषत नाहीत. तो नडगीला, टाचेला आणि गुडघ्याला सोसावा लागतो. नडगीचे दुखणे आणि पुढे हाडाला जाणारी बारीक चीर यांना इथेच निमंत्रण मिळते. त्यात गुळगुळीत फरशीवर धातू घसरतो. नृत्यवर्गाची जमीन लाकडी आणि खालून पोकळी असलेली हवी. घरी जाड प्लायवूडचा तुकडा, त्याखाली रबरी किंवा फोमची चटई, एवढे सरावाला पुरते. जिन्यावर, बाथरूमजवळ आणि रस्त्यावर हे बूट घालून चालू नये. सरावानंतर ते पिशवीत कोंबू नयेत, मोकळ्या हवेत वाळू द्यावेत. दमट बुटात बोटांच्या बेचक्यांत बुरशी वाढते.

पन्नाशी-साठीतही टॅप शिकायला हरकत नसते. एका पायावरून दुसऱ्या पायावर भार नेण्याचा सराव तोल राखायला उपयोगी पडतो. मात्र हाडे ठिसूळ असतील, गुडघेदुखी असेल किंवा चक्कर येत असेल, तर आधी डॉक्टरांशी बोलावे आणि सुरुवातीला खुर्चीचा आधार घ्यावा. मधुमेह असेल, तर तळपायाची संवेदना तपासून घ्यावी. नायलॉनच्या बारीक तंतूने होणारी ही तपासणी काही मिनिटांची आणि बिनवेदनेची असते. संवेदना कमी झालेल्या पायाला बूट चावल्याचे कळतच नाही. साधा फोड चिघळून जखम होते आणि ती महिनोन्‌महिने भरत नाही. असा पाय असलेल्यांनी टॅपचे बूट घेण्याआधी डॉक्टरांचा होकार घ्यावा, आणि बूट कोणतेही असोत, रोज रात्री तळवे पाहावेत.

न्यू जर्सीच्या त्या दुकानात शेवटी नातीला तिच्या मापाचे, लेसचे, बसक्या टाचेचे काळे बूट मिळाले. तिच्या आईने तीन महिन्यांनी पाय पुन्हा मोजायची खूण फोनमध्ये करून ठेवली. तेवढ्यात नातीने हट्ट धरला, ‘आजी, तुझापण पाय मोज ना!’ आजी हसत उभ्या राहिल्या. लग्नापासून त्या एकाच नंबरची चप्पल घेत आल्या होत्या. मापात त्यांचे पाऊल त्याहून एक नंबर लांब निघाले, आणि रुंदही. वयाबरोबर पायाची कमान बसते, बाळंतपणातही पाऊल पसरते. पण मोठेपणी पाय मोजून घेतो कोण? करंगळीवरचे जे कुरूप त्या दहा वर्षे ब्लेडने तासत होत्या, त्याचे कारण त्यांना तेव्हा समजले. आजींना पाच वर्षांपासून मधुमेह आहे. वाढते पाऊल नातीचे होते, तसे त्यांचेही होते. त्या दिवशी दुकानातून दोन जोड बाहेर पडले : एक वाजणारा, आणि एक आजींचा, चालण्याचा, त्यांच्या खऱ्या मापाचा.