ऑनलाइन अद्भुतरम्य खेळांतील कथासंचित आणि कथानक

घटनांचा कालक्रम म्हणजे कथा आणि त्याच घटनांची कार्यकारणभावाने केलेली बांधणी म्हणजे कथानक, ही फॉर्स्टर यांची मांडणी आपल्या परिचयाची आहे. कादंबरीत ही बांधणी लेखक एकदाच करतो आणि ग्रंथ छापून झाला की ती स्थिर होते. परंतु ज्या कथेत हजारो माणसे एकाच वेळी वावरतात, त्यांतील प्रत्येकाला आपणच नायक आहोत असे सांगितलेले असते आणि प्रत्येकजण मनास येईल तेथे थांबतो वा वळतो, अशा कथेत कथानकाचे काय होते? ऑनलाइन खेळल्या जाणाऱ्या भूमिकाप्रधान खेळांच्या आधारे या प्रश्नाचा विचार आपण येथे करणार आहोत. हे खेळ आपण स्वतः खेळलेले असण्याची आवश्यकता नाही.

प्रथम 'अद्भुतरम्य' या शब्दाविषयी. लक्ष्मणशास्त्री हळबे यांच्या 'मुक्तामाला'सारख्या (१८६१) आरंभीच्या मराठी कादंबऱ्यांना आपण हे विशेषण लावतो. तेथील अद्भुत मुख्यतः योगायोगांतून आणि चमत्कृतीपूर्ण प्रसंगांतून येते. या खेळांतील अद्भुताचा वारसा निराळा आहे. स्वतःचा भूगोल, स्वतःचा इतिहास, स्वतःच्या भाषा असलेले एक संपूर्ण काल्पनिक विश्व उभे करणे, ही टोल्कीन यांची रीत या खेळांनी उचलली. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' (१९५४-५५) या कादंबरीच्या शेवटी राजवंशांच्या वंशावळी, कालपट आणि लिपींची माहिती देणारी दीर्घ परिशिष्टे आहेत. कथानक समजण्यासाठी ती अनिवार्य नाहीत. मात्र त्यांच्यामुळे त्या विश्वाला खोली येते. खेळाडूंच्या बोलण्यात अशा सामग्रीला 'लोर' म्हणतात. आपण तिला 'कथासंचित' म्हणू. खेळ सुरू होण्यापूर्वी त्या विश्वात जे घडून गेले आहे ते कथासंचित आणि खेळाडूच्या समोर, त्याच्या सहभागाने जे घडते ते कथानक, असा स्थूल भेद येथे पुरेसा आहे.

सूत्रधाराची अनुपस्थिती

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. तो टेबलाभोवती बसून, कागद आणि फासे घेऊन खेळावयाचा होता. चार-पाच खेळाडू आणि एक सूत्रधार अशी त्याची रचना होती. एखाद्या खेळाडूने अनपेक्षित कृती केली, राजवाड्यात जाण्याऐवजी तो जंगलाकडे निघाला, तर सूत्रधार तिथल्या तिथे कथा वळवीत असे. समोरच्या श्रोत्यांचा कल पाहून आख्यान लांबविणाऱ्या वा आवरणाऱ्या कथेकऱ्याचेच हे कौशल्य होते.

१९७८ मध्ये इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी 'मड' हा अनेकांनी संगणकावर एकत्र खेळावयाचा खेळ सिद्ध केला. त्यात चित्रे नव्हती, सारे विश्व केवळ शब्दांत होते. सूत्रधाराची जागा आता यंत्राने घेतली. यंत्राला नियम पाळता येतात, पण ऐन वेळी कथा वळविता येत नाही. शिवाय पुढे खेळाडूंची संख्या लाखांच्या घरात गेली. एका खेळाडूने राजाला मारले आणि राजा खरोखरच कायमचा मेला, तर उरलेल्यांनी काय करावे? या अडचणीमुळे ऑनलाइन खेळाचा वर्तमानकाळ जवळजवळ गोठलेला असतो. म्हणून जे काम कादंबरीत कथानक करते, त्यातील बराच भार येथे भूतकाळावर, म्हणजे कथासंचितावर पडतो. याचे सर्वांत बोलके उदाहरण 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या खेळात सापडते.

एक नगर, तीन भेटी

ब्लिझार्ड या अमेरिकी कंपनीचा 'वॉरक्राफ्ट ३' हा खेळ २००२ मध्ये आला. तो सैन्य हलविण्याचा खेळ होता, भूमिकाप्रधान नव्हता. त्यात लॉर्डेरॉन राज्याचा तरुण राजपुत्र आर्थस हे प्रमुख पात्र आहे. स्ट्रॅथहोम नावाच्या नगरात दूषित धान्यातून रोग पसरला आहे आणि तेथील माणसे लवकरच प्रेतवत शत्रुसैनिक होणार आहेत, हे त्याला कळते. तो नगरवासीयांच्या संहाराची आज्ञा देतो. त्याचे गुरू उथर नकार देतात, प्रिय सखी जेना निघून जाते. हा संहार पडद्यावर आपोआप घडत नाही. तो खेळाडूला स्वतःच्या हाताने करावा लागतो. पुढे आर्थस एका शापित तलवारीच्या आहारी जातो, पित्याचा वध करतो आणि अखेर 'लिच किंग' हा मृतांचा अधिपती होतो.

२००४ च्या नोव्हेंबरमध्ये 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' सुरू झाला. आता तेच विश्व हजारो खेळाडूंसाठी खुले झाले. त्यात स्ट्रॅथहोम आहे, परंतु ते अद्याप जळत असलेले, प्रेतांनी भरलेले नगर आहे. ज्याने पहिला खेळ खेळला आहे त्याला ही आग कोणी लावली ते ठाऊक असते. नवख्याला ते केवळ एक भयाण स्थळ वाटते. लॉर्डेरॉनची राजधानीही भग्न झालेली आहे आणि तिच्या तळघरांत मृतांचे नगर वसले आहे. तेथे जाण्याची वाट भग्न राजवाड्यातून जाते. रिकाम्या सिंहासनगृहात थांबून कान दिल्यास पिता-पुत्रांच्या त्या अखेरच्या भेटीचे अस्पष्ट स्वर ऐकू येतात. कोणीही काही सांगत नाही, तेथे थांबावयास भागही पाडत नाही.

तिसरी भेट २००८ मधील. 'रॅथ ऑफ द लिच किंग' या विस्तारात खेळाडू कालप्रवास करून संहाराच्याच दिवशी स्ट्रॅथहोममध्ये पोहोचतो. काही दुष्ट शक्ती आर्थसला तेथेच अडवू पाहत असतात आणि इतिहास बिघडू नये म्हणून खेळाडूने आर्थसला साहाय्य करावयाचे असते. २००२ मध्ये खेळाडूने जे अजाणतेपणी केले, ते आता परिणाम पुरते ठाऊक असताना करावयाचे. महाभारताच्या श्रोत्याला द्यूताचा शेवट माहीत असतो, तरी प्रत्येक वेळी त्याला युधिष्ठिराला थांबवावेसे वाटते. येथे खेळाडूला थांबविण्याची नव्हे, फासे हाती देण्याची भूमिका मिळते. माझ्या मते या माध्यमातील कथनाचा हा फार मोठा क्षण आहे आणि तो पूर्णतः कथासंचितावर उभा आहे.

वाचतो कोण?

याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. या खेळात कथानक बहुधा 'क्वेस्ट'च्या, म्हणजे नेमून दिलेल्या कामगिरीच्या मजकुरातून येते. एखादा गावकरी दहा लांडगे मारण्यास सांगतो आणि त्यामागील आपले दुःख कथन करतो. खेळाच्या रचनाकारांपैकी जेफ कॅपलन यांनी २००९ मध्ये एका व्याख्यानात सांगितले, की अशा मजकुराला ५११ अक्षरांची मर्यादा होती. ही मर्यादा त्यांना जाचक वाटत नव्हती, उलट ती इष्टच वाटत होती. कारण खेळाडू पुस्तक वाचावयास आलेला नसतो. पुष्कळ खेळाडू मजकूर न वाचताच 'स्वीकार' हे बटण दाबतात, हे खरेच आहे. म्हणून कथा शब्दांतून काढून स्थळांत, अवशेषांत आणि नावांत ठेवावी लागते. साहित्याच्या विद्यार्थ्याला ही शब्दांची हानी वाटेल. मात्र 'वातावरणनिर्मिती' हा घटक आपण ज्या गांभीर्याने अभ्यासतो, त्याच गांभीर्याने याकडे पाहावे.

गोठलेला वर्तमान

लिच किंगशी अंतिम युद्ध फेब्रुवारी २०१० मध्ये खुले झाले. त्याचा वध झाला. पुढच्या आठवड्यात तो पुन्हा सिंहासनावर होता, कारण इतर गटांनाही त्याला मारावयाचे होते आणि त्याच गटाला पुन्हा यावयाचे होते. यावर तोड म्हणून त्याच विस्तारात एक तंत्र वापरले गेले. एकच स्थळ प्रत्येकाला त्याच्या प्रगतीनुसार निराळे दिसे. ज्याने गाव वाचविले त्याला ते वसलेले दिसे, इतरांना वेढलेले. कथानक पुढे सरकले खरे, पण शेजारी उभे असलेले दोन मित्र एकमेकांना दिसेनासे झाले. एकत्र खेळण्यासाठीच केलेल्या खेळात ही किंमत लहान म्हणता येणार नाही.

जपानमधील स्क्वेअर एनिक्स कंपनीने हा पेच वेगळ्या रीतीने हाताळला. २०१० मध्ये आलेला तिचा 'फायनल फँटसी १४' हा खेळ सपशेल फसला आणि नाओकी योशिदा यांच्याकडे तो नव्याने घडविण्याचे काम आले. जुना खेळ बंद करणे अटळ होते. त्यांनी बंद होण्यालाच कथा केले. आकाशातील एक तांबडा चंद्र महिनोन्‌महिने मोठा होत गेला आणि ११ नोव्हेंबर २०१२ रोजी, सर्व्हर बंद होताना, त्या विश्वावर प्रलय कोसळला. २७ ऑगस्ट २०१३ रोजी नवा खेळ सुरू झाला, तेव्हा कथेत पाच वर्षे लोटली होती. प्रलयात लढलेले वीर लोकांना आठवतात, पण त्यांचे चेहरे आणि नावे आठवत नाहीत, असे तेथे सांगितले जाते. ते वीर म्हणजे जुने खेळाडू. एका व्यावसायिक अपयशाचे पुराण झाले.

कथा कोणाची?

आतापर्यंतची उदाहरणे निर्मात्यांनी रचलेल्या कथांची होती. खेळाडू मात्र नेहमीच दिलेल्या भूमिकेत राहत नाहीत. ऑगस्ट १९९७ मध्ये 'अल्टिमा ऑनलाइन'च्या चाचणीच्या काळात निर्माते रिचर्ड गॅरियट स्वतः 'लॉर्ड ब्रिटिश' या राजाच्या रूपाने प्रजेसमोर आले. राजा अवध्य राहावा यासाठीची संगणकीय तजवीज सुरू करावयाची राहून गेली होती. एका खेळाडूने आगीचा मंत्र टाकला आणि राजा मेला. संहितेत नसलेला हा प्रसंग त्या खेळाच्या कोणत्याही लिखित कथानकापेक्षा अधिक सांगितला जातो.

'अ‍ॅशरन्स कॉल' या खेळातील घटना याहून अर्थपूर्ण आहे. या खेळाची कथा दरमहा पुढे नेली जात असे. २००० मध्ये योजना अशी होती, की खेळाडूंनी काही स्फटिक फोडावेत आणि त्यांत बंदिस्त असलेला दैत्य मुक्त व्हावा. इतर सर्व्हरांवर तसे घडले. 'थिसलडाउन' या एका सर्व्हरवर मात्र खेळाडूंनी कथासंचित वाचले, दैत्य सुटल्यास काय होईल ते जाणले आणि शेवटच्या स्फटिकाभोवती अहोरात्र पहारा बसविला. फोडण्यास येणाऱ्यांना ते परतवून लावीत. कथानक अडले. अखेर निर्मात्यांनाच राक्षसी रूप घेऊन खेळात उतरावे लागले आणि रक्षकांना मारून स्फटिक फुटेल असे पाहावे लागले. त्यानंतर त्यांनी त्या रक्षकांचे स्मारक खेळाच्या विश्वात उभारले. ज्यांनी लेखकाचे कथानक रोखून धरले, ते अशा रीतीने त्याच्याच कथासंचितात जाऊन बसले.

स्वाध्याय : आपण अभ्यासलेल्या एखाद्या मराठी कादंबरीतील एक स्थळ निवडा. त्या स्थळाचा भूतकाळ निवेदकाने न सांगता केवळ वस्तू, अवशेष आणि ध्वनी यांतून कसा सूचित करता येईल, ते सुमारे १५० शब्दांत लिहा.