काचेआडचा वाघ आणि मुलांचा प्रश्न

दौंड जंक्शनहून मुंबईला जाणे ही या भागातील कुटुंबांच्या अंगवळणी पडलेली गोष्ट. लग्नकार्य, व्यापार, दवाखाना, देवदर्शन या निमित्तांनी मुलेही सोबत येतात. अशा प्रवासात एक दुपार राखून ठेवावी, असे ठिकाण म्हणजे काळा घोडा परिसरातील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरून तेथे पायीही जाता येते. ११ नोव्हेंबर १९०५ रोजी त्याची पायाभरणी झाली आणि १० जानेवारी १९२२ रोजी ते लोकांसाठी खुले झाले. तेथील निसर्गविभागाच्या उभारणीत १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा मोठा वाटा आहे. वाघ, गवा, धनेश, रोहित पक्षी यांना त्यांच्या रानाचा किंवा पाणवठ्याचा देखावा उभारून काचेआड मांडले आहे.

मुले काचेला नाक लावून पाहतात आणि हळूच विचारतात, “याला मारलं होतं का?”

जैन घरातील आईवडील या प्रश्नाने क्षणभर गोंधळतात. मुंगीवर पाय पडू नये म्हणून जपायला शिकविलेल्या मुलाला काय सांगावे? पुष्कळदा “चल, पुढे बघू” म्हणून वेळ मारून नेली जाते. परंतु उत्तर टाळणे योग्य नव्हे. प्राण्याचे कातडे कमावून ते साच्यावर चढवितात आणि डोळे काचेचे बसवितात. जुन्या काळी असे बरेच नमुने शिकारीतूनच येत, हे मुलाला स्पष्ट सांगावे. पुढे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने देशातील शिकारीला आळा घातला, हेही सांगावे.

याच ठिकाणी डॉ. सालिम अली यांची गोष्ट सांगता येते. लहानपणी त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही कोणती चिमणी, हे विचारायला ते सोसायटीत गेले. तेथील सचिव मिलार्ड यांनी पक्षी ओळखून दिला आणि कपाटे उघडून सोसायटीचा पक्षिसंग्रहही दाखविला. त्या कुतूहलातून पुढे भारताचा थोर पक्षितज्ज्ञ घडला. तरुणपणी त्यांनी याच संग्रहालयाच्या निसर्गविभागात मार्गदर्शक व्याख्याता म्हणून कामही केले. त्या चिमणीचा जीव मात्र परत आला नाही. गोष्ट सांगताना हे वाक्य गाळू नये.

मुलांना येथे आपल्या घरातली एक ओळखही सापडते. श्रेयांसनाथांचे लांछन गेंडा, शांतिनाथांचे हरीण, मुनिसुव्रतांचे कासव, महावीरांचे सिंह, हे पाठशाळेत पाठ केलेले असते. दालनांत यांपैकी कोण कोण भेटते, याचा शोध त्यांच्यावर सोपवावा. नेमिनाथांची कथाही तेव्हा आठवते. विवाहाच्या मेजवानीसाठी कोंडलेल्या पशूंचा आक्रोश ऐकून ते वरातीतून माघारी फिरले. काचेपुढे विचारलेला मुलाचा प्रश्न त्याच करुणेच्या वाटेवरचा आहे.

सर्व दालने एका दिवसात पाहण्याचा हट्ट धरू नये. मुलाने तीन प्राणी निवडावेत, शांतपणे न्याहाळावेत, वहीत त्यांची चित्रे काढावीत.

आणि भेट मुंबईत संपवू नये. दौंडहून सोलापूरच्या वाटेवर भिगवणला, उजनीच्या पाणथळीत, हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा चरताना दिसतो. काचेआड पाहिलेला पक्षी पंख पसरून उडताना मुलाने पाहिला, की जीवदया म्हणजे काय, हे त्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.