विश्लेषण : दिंडोशीच्या बाल्कनीत लटकणारे ते ‘जळमट’ कुणाचे?

मे महिना आला, की दिंडोशीतील सोसायट्यांमध्ये पावसाळ्यापूर्वीची छाटणी सुरू होते. झाड तोडायला परवानगी लागते, हे बहुतेकांना ठाऊक असते. कुंपणाची जास्वंद आणि शोभेची झुडपे मात्र कुणालाही न विचारता कापली जातात. परिसरातील सर्वांत छोट्या पक्ष्यांची घरटी नेमकी तिथेच असतात.

आरे, चित्रनगरी आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यान शेजारी असल्याने इथे दिसणारा प्रत्येक पक्षी जंगलातून आला असावा, असे वाटते. पण शिंपी, शिंजीर (सूर्यपक्षी) आणि फुलटोच्या वस्तीतल्या झाडांवरही संसार थाटतात.

घरटे ओळखायचे कसे?

शिंपी मोठे, ताजे पान निवडतो. त्याच्या कडांना चोचीने भोके पाडून कापूस, झाडाचे तंतू किंवा कोळ्याच्या जाळ्याचे धागे ओवतो आणि पानाचा द्रोण करतो. पान हिरवेच राहते, त्यामुळे हातभर अंतरावरूनही घरटे दिसत नाही आणि कात्रीखाली येते. पावसाळा हा त्याच्या विणीचा ऐन काळ.

शिंजीरची मादी फांदीच्या टोकाला, कधी बाल्कनीतल्या वायरला पिशवी टांगते. कोळ्याच्या धाग्यांत गवत, सालीचे तुकडे, अळ्यांची विष्ठा असे काहीबाही चिकटवलेले असते. दारावर छोटीशी पडवीसुद्धा! आत बहुधा दोन अंडी. शत्रूला फसवण्यासाठीचे हे सोंग इतके बेमालूम असते, की साफसफाई करणारेही फसतात आणि जळमट समजून पिशवी झाडून टाकतात.

मध पिणाऱ्याला किडे कशाला?

शिंजीर फुलांतला मध पितो, हे खरे. पण पिल्लांच्या वाढीला प्रथिने लागतात, म्हणून त्यांना कोळी आणि किडे भरवले जातात. किती? अमेरिकेतील चिकाडी या चिमुकल्या पक्ष्याच्या जोडीला एका विणीतली पिल्ले वाढवायला सहा ते नऊ हजार अळ्या लागतात, असे अभ्यासकांनी मोजले आहे. बाल्कनीत साखरपाण्याची बाटली टांगायची आणि शेजारच्या कुंड्यांवर कीटकनाशक मारायचे, हा उफराटा कारभार झाला.

फुलटोच्याचे थोडे वेगळे. जेमतेम आठ सेंटिमीटरचा हा पक्षी सिंगापूर चेरीची आणि बांडगुळाची फळे खातो. बांडगुळाची चिकट बी तो फांदीला पुसून टाकतो आणि तिथेच नवे बांडगूळ रुजते. आंब्याच्या मालकाला हे रुचणारे नाही.

कायदा काय सांगतो?

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातील शिकारीच्या व्याख्येत संरक्षित वन्य पक्ष्यांची अंडी फोडणे आणि घरट्यांना त्रास देणेही येते. सोसायटीच्या सभेत हे क्वचितच कुणी सांगते.

छाटणी कायमची थांबवायची गरज नाही. शिंप्याची अंडी साधारण १२ दिवसांत उबतात आणि पुढच्या दोनेक आठवड्यांत पिल्ले उडून जातात. घरटे असलेली फांदी तेवढे दिवस ठेवून बाकीची कापता येते. त्यासाठी कात्री लावण्याआधी पाने उलटून पाहावी लागतात.