सहस्रकुंडची सहल : आधी पाण्याची चौकशी

सहल म्हटली की मुलं विचारतात, "सर, पाण्यात उतरायचं ना?" सहस्रकुंडला उत्तर ठाम 'नाही' असंच द्या. इथे पैनगंगेने काळ्या खडकात घळ कोरली आहे. एका काठावर आपला नांदेड जिल्हा, समोर यवतमाळ. नदीच्या वरच्या अंगाला इसापूर धरण आहे. इथे थेंबभर पाऊस नसला तरी धरणातून पाणी सोडलं की नदी चढते. म्हणून आदल्या दिवशी विसर्गाची चौकशी कराच.

अर्धापूरहून भोकर, हिमायतनगर, इस्लापूर असा रस्ता. पावसाळा सरता सरता जा, उन्हाळ्यात धार आटते.

तिथे मुलांना विचारा, एवढा कठीण दगड पाण्याने कापला कसा? वाहत्या वाळू-गोट्यांची घासण त्यांना लगेच सुचते. भूगोलातलं 'खनन' ते हेच. हजेरी मात्र काठावर नको, गाडीजवळच घ्या.