लाउंड्स काउंटीचे सांडपाणी आणि आपण

अलाबामा राज्यात सेल्मा आणि माँटगोमेरी या शहरांच्या दरम्यान लाउंड्स ही ग्रामीण काउंटी आहे. वस्ती सुमारे दहा हजार. त्यातील बहुसंख्य कृष्णवर्णीय. मराठवाड्यातून आलेल्यांना तेथील जमीन ओळखीची वाटेल: काळी, चिकण, कापसाची. या कापसासाठीच येथे गुलाम आणले गेले. ही माती पाणी जिरू देत नाही, त्यामुळे साधा सेप्टिक टँक निकामी ठरतो. खास बनावटीच्या यंत्रणेला हजारो डॉलर लागतात. ज्यांच्यापाशी ते नाहीत, त्यांच्या घरातील मैला नळीवाटे थेट परसात जातो. मोठा पाऊस झाला की तोच न्हाणीघरात उलटा चढतो.

दोष मातीचा, असे कोणी म्हणेल. परंतु योग्य यंत्रणा नसणे हा अलाबामात गुन्हा आहे आणि त्यापायी येथील गरिबांना अटकही झालेली आहे. हे मातीने केलेले नाही. 1965 च्या आरंभी या काउंटीत सुमारे 80 टक्के लोक कृष्णवर्णीय होते आणि त्यांच्यापैकी एकाचेही नाव मतदारयादीत नव्हते. त्या वर्षी ज्यांनी नाव नोंदविण्याचे धाडस केले, त्या कुळांना जमीनमालकांनी हुसकावून लावले. कित्येक कुटुंबे महामार्ग 80 च्या कडेला तंबूंत राहिली. मतच नसलेल्या माणसाच्या दाराशी गटार कोण आणणार? गावकुसाबाहेर वाढलेल्यांना हे समजावून सांगावे लागत नाही.

याच काउंटीत वाढलेल्या कॅथरीन कोलमन फ्लॉवर्स यांनी हा प्रश्न देशापुढे मांडला. 2021 मध्ये केंद्रीय न्यायखात्याने चौकशी आरंभली. आधार होता 1964 च्या नागरी हक्क कायद्याचे सहावे प्रकरण: सरकारी पैसा घेणाऱ्यास वंशावरून भेद करता येणार नाही. राज्याच्या आरोग्य विभागाने आरोप नाकारले, तरी मे 2023 मध्ये करार केला. त्यानुसार फौजदारी कारवाई थांबवून यंत्रणा बसवायच्या होत्या. एप्रिल 2025 मध्ये न्यायखात्यानेच तो करार मोडला. कारण दिले, ‘डीईआय’च्या चष्म्यातून पाहिलेला पर्यावरणीय न्याय यापुढे चालणार नाही. हा निर्णय जाहीर करणाऱ्या नागरी हक्क विभागाच्या प्रमुख हरमीत धिल्लन भारतात जन्मलेल्या आहेत, हेही नोंदवून ठेवावे. निधी असेतोवर काम चालू ठेवू, असे राज्य म्हणते.

‘हा वंशाचा नव्हे, केवळ गरिबीचा प्रश्न आहे’ हा युक्तिवाद आपण जातीच्या संदर्भात किती वेळा ऐकला आहे! आणि येथे आपला स्वतःचाही संबंध येतो. फेब्रुवारी 2023 मध्ये सिएटलने जातिभेदावर बंदी घातली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियाच्या राज्यपालांनी तसे विधेयक परत पाठविले, ते विद्यमान नागरी हक्क कायदे पुरेसे आहेत असे सांगून. असे कायदे कागदावर राहूनही कसे निष्प्रभ होतात, हे लाउंड्समध्ये दिसते.

बाबासाहेबांनी 1946 साली डु बॉइस यांना लिहिलेल्या पत्राचा उल्लेख आपल्या सभांत हमखास होतो. लाउंड्सचा झालेला मी तरी ऐकलेला नाही. आपली कुटुंबे सेल्माचा पूल पाहायला जातात, छायाचित्रे काढतात आणि गाडीने तासाभरात माँटगोमेरी गाठतात. 1965 च्या मोर्चाचे ते 54 मैल लाउंड्समधूनच जातात. तंबू होते तेथे आता राष्ट्रीय उद्यान सेवेचे माहिती केंद्र आहे. मुलांना घेऊन तेथे थांबावे.